बुडालेल्या कंपनीची बाजू

नभोवाणीचा इतिहास सांगताना १९२७ ते १९३० हा काळ दोन वाक्यांत उरकतात. खासगी कंपनी आली, नफ्यामागे धावली, बुडाली; मग सरकारने ध्वनिक्षेपण सावरले. हे मला साफ अमान्य आहे.

ती कंपनी म्हणजे इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते तिचे मुंबई केंद्र सुरू झाले, महिन्याभराने कलकत्त्याचे. या उद्योगात पुढाकार घेणाऱ्या मुंबईकरांत सुलतान चिनॉय होते. पुढे ते शहराचे महापौरही झाले. त्यांच्या इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीने खडकी आणि दौंड इथे केंद्रे उभारून १९२७ मध्येच इंग्लंडशी थेट बिनतारी संदेशसेवा जोडली. अशा माणसाला झटपट नफ्याचा लोभी ठरवण्याआधी वही उघडावी.

श्रोत्याचा परवाना वर्षाला १० रुपयांचा. त्यातले ८ कंपनीचे. १९२७ अखेर परवाने साडेतीन हजारांच्या आसपास, म्हणजे वर्षाची प्राप्ती जेमतेम २८ हजार. खर्च मात्र महिन्याला सुमारे ३३ हजार! वर्षाच्या फीत एक महिनाही भागत नव्हता. भरणा झालेले भांडवल ६ लाख, त्यातले साडेचार लाख दोन केंद्रे उभारण्यातच गेले. आयात संचांच्या किमतीवर १० टक्के हिस्सा ठरला होता, पण संचच थोडे खपत होते. कंपनीने खर्च २४ हजारांवर आणला, १९२९ अखेर परवाने पावणेआठ हजारांपर्यंत गेले, तरी तोंडमिळवणी झाली नाही. मार्च १९३० मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली.

दुसरा आक्षेप असा, की ही नभोवाणी साहेबांची आणि शहरी श्रीमंतांची होती. यात तथ्य आहे. कार्यक्रमांची निवड त्याच वर्गाकडे पाहून होत असे, आणि हा दोष चिनॉय व त्यांच्या सहकाऱ्यांच्या पदरी घालायलाच हवा. पण लहरी शहराच्या वेशीवर थांबत नव्हत्या. दीड किलोवॉटच्या प्रक्षेपकाचा पल्ला सुमारे ४८ किलोमीटर. आमचे भाईंदर चर्चगेटपासून रेल्वेने ४३ किलोमीटरवर आहे, म्हणजे इथल्या मिठागरांवरूनही तो आवाज जात होता. मिठागरावर राबणाऱ्याला संच आणि परवाना परवडत नव्हता, आणि त्या गरिबीवरचा उपाय एकट्या कंपनीच्या हाती नव्हता.

सरकारने तरी कोणती जादू केली? एप्रिल १९३० मध्ये ही केंद्रे ताब्यात घेतली आणि दीड वर्षात बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. लोक आणि विक्रेते खवळले तेव्हा तो मागे घेतला. त्यानंतर आयात संचांवरची जकात ५० टक्क्यांवर नेली. १९३३ च्या कायद्याने बिनपरवाना संच जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरला, आणि १९३४ अखेर परवाने सोळा हजारांवर गेले. बीबीसीच्या साम्राज्यसेवेमुळे संचांची मागणी वाढली, हेही खरे. पण कायदा आणि जकात ही दोन्ही हत्यारे चिनॉय यांच्या हाती कधीच नव्हती. त्यांच्या अपयशाशी सरकारी यशाची तुलना करणे अन्यायाचे आहे.

आज २३ जुलै हा राष्ट्रीय प्रसारण दिन म्हणून पाळतात. सरकारी नभोवाणीच्या जन्माचा हा दिवस नव्हे, या बुडालेल्या कंपनीच्या उद्घाटनाचा आहे. त्या दिवशीच्या भाषणांत सुलतान चिनॉय यांचे नाव आदराने घेतले जावे, अशी माझी मागणी आहे.