डब्यातला प्रोटीन बार: खाऊ की जेवण?



सहावीच्या वर्गात आहार हा विषय शिकवत होते. प्रथिने कशातून मिळतात, असं विचारलं. डाळी, दूध, अंडी, शेंगदाणे अशी नेहमीची उत्तरं आली. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक हात वर झाला, "मॅडम, प्रोटीन बारमधून!" वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही, कारण तो मुलगा गंमत करत नव्हता. दोन महिन्यांपासून मोठ्या सुट्टीत त्याच्याकडे तेवढंच असतं. पोळी नाही, भाजी नाही, एक बार आणि पाण्याची बाटली. शेवटच्या दोन तासांना त्याची मान बाकावर टेकलेली असते.

"वेष्टनावर लिहिलंय की, हाय प्रोटीन!" असं बरेच पालक म्हणतात. तर मग वेष्टन उलटं करून मागची बाजूही वाचा. तिथे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणजे जे सर्वांत जास्त ते पहिलं. मुलांनी आणलेल्या रिकाम्या वेष्टनांवर आम्ही हेच वाचलं. सोया किंवा दुधापासून वेगळं काढलेलं प्रथिन, ग्लुकोज सिरप, खजूर, खाद्यतेल. एकावर 'साखर नाही' असं ठळक अक्षरांत होतं आणि मागे बारीक अक्षरांत माल्टिटॉल. हा गोडवा जास्त पोटात गेला की गॅस होतो, जुलाबही होतात. गंमत म्हणजे हे माल्टिटॉल शोधून काढलं ते त्या बारवाल्या मुलानेच!

आता थोडा हिशोब करू. 50 ग्रॅमच्या साध्या बारमध्ये साधारण 10 ग्रॅम प्रथिने आणि 200 किलोकॅलरी ऊर्जा असते. शालेय पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी एका वेळच्या जेवणाचं प्रमाण ठरलेलं आहे: 700 किलोकॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिने. म्हणजे बारमधून प्रथिने निम्मी मिळाली, पण ऊर्जा एक तृतीयांशसुद्धा नाही. आणि खरी गोम इथेच आहे. ऊर्जा कमी पडली की शरीर प्रथिनेच जाळून काम भागवतं. वाढीसाठी म्हणून दिलेलं प्रथिन चुलीत सरपण म्हणून जातं. मग ते इतक्या महागाचं कशाला घ्यायचं?

त्यापेक्षा आपला डबा बघा. 50 ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीतून 5 ग्रॅमच्या आसपास, 30 ग्रॅम मटकीच्या उसळीतून 7 ग्रॅम, आणि वर दोन चमचे शेंगदाण्याची चटणी. बारची बरोबरी तर झालीच, वर चार ग्रॅम जास्त. शिवाय धान्यात लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो कडधान्यात भरपूर. कडधान्यात मेथिओनिन कमी, ते धान्यातून येतं. वरण-भात आणि उसळ-भाकरी या जोड्या आपल्या आज्यांनी उगाच नाही जमवल्या. 10 ते 12 वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 32 ग्रॅम प्रथिने लागतात. घरच्या साध्या जेवणात ती बसतात, फक्त डाळ पातळ पाण्यासारखी नको. (आणि चिक्कीचं म्हणाल तर तो आपला जुनाच बार. पण चिक्कीला कोणी जेवण म्हणालं नाही.)

इथपर्यंत लिहिणं सोपं होतं. मीही असंच सोपं समजून त्या मुलाच्या वहीत शेरा लिहिला, "कृपया पौष्टिक डबा द्यावा." संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला. आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता. "मॅडम, माझी पहाटेची पाळी असते, पाच वाजता घर सोडते. आधी पोळी-भाजी देत होते, पण अर्धा डबा परत यायचा. वीस मिनिटांच्या सुट्टीत त्याचं खाऊन होत नाही. बार निदान पोटात तरी जातो."

मला काय बोलावं सुचेना. शेरा मी लिहिला होता आणि सुट्टी आमच्या शाळेची होती. वीस मिनिटांत हात धुवायला रांग, डबा उघडणं, खेळायची घाई. घरी बाबा असतात, ते सातपर्यंत निघत नाहीत, हेही बोलता बोलता कळलं. पण शेरा लिहिताना माझ्या मनात आईच होती. हे आपल्या सगळ्यांचंच होतं, नाही का?

माझं मत विचाराल तर प्रवासात, सामन्याच्या दिवशी, कधी गाडी चुकली तर बार जरूर द्या. रोजच्या डब्याची जागा त्याला देऊ नका. वेळ नसेल तर भाजलेले शेंगदाणे, उकडलेलं अंडं, रात्रीच्या उसळीची गुंडाळलेली पोळी, दही-पोहे यातलं काहीही चालेल. हे बाबांनाही जमतं.

त्या मुलाचे बाबा आता पोळीची गुंडाळी करून देतात. पहिल्या दिवशी उसळीचा रस्सा दप्तरात सांडला, भूगोलाची वही अजून पिवळी आहे. मोठी सुट्टी तीस मिनिटांची करावी असा अर्ज मी मुख्याध्यापकांकडे दिला आहे, उत्तर अजून आलेलं नाही. तुमच्या शाळेत ती किती मिनिटांची असते?