पोरगा ड्रग्जच्या केसमध्ये सापडला तर? आधी वजन विचारा, मग वकील गाठा

वारणानगरला शिकायला ठेवलेल्या मुलाच्या सॅकमध्ये गांजा सापडला, असा फोन कोडोली पोलिस ठाण्यातून आला तर आपल्याकडे काय होतं? घरचे मोहल्ल्यात तोंड लपवतात. कुणीतरी ‘साहेब ओळखीचे आहेत, सेटिंग करतो’ म्हणून पैसे उकळतो. वकील आठवतो तिसऱ्या-चौथ्या दिवशी. तोवर निम्मी केस कागदावर उतरलेली असते.

ड्रग्ज हे मुंबई-पुण्याचं दुखणं, हा समज आता सोडायला हवा. चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीत मुंबई पोलिसांनी एमडीचा कारखाना पकडला, तो 2021 मध्ये.

1985 च्या एनडीपीएस कायद्यात सगळं वजनावर चालतं. गांजा एक किलोपर्यंत असेल तर ती ‘अल्प मात्रा’, शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष. वीस किलोच्या वर ‘व्यावसायिक मात्रा’, शिक्षा दहा ते वीस वर्षं. मधल्या वजनाला दहा वर्षांपर्यंत. एमडीचं गणित मात्र भयंकर आहे: अल्प मात्रा दोन ग्रॅम आणि पन्नास ग्रॅमच्या वर व्यावसायिक. त्यात भेसळ असली तरी सगळ्या मिश्रणाचं वजन धरतात, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. व्यावसायिक मात्रा लागली की कलम 37 आडवं येतं. आरोपी दोषी नसावा असं न्यायाधीशाला सकृतदर्शनी पटलं तरच जामीन. आरोपपत्रालाही साठ-नव्वद नाही, 180 दिवसांची मुदत.

आर्यन खान आठवतो ना? ऑक्टोबर 2021 मध्ये त्याच्याजवळ काहीच सापडलं नव्हतं, तरी जामिनाला उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. मे 2022 च्या आरोपपत्रात त्याचं नावच नव्हतं. मोठे वकील दिमतीला असून ही गत. आपल्या पोराचं काय होईल, याचा विचार आधीच केलेला बरा.

म्हणून वकील पहिल्या रिमांडच्या आधी हवा. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करतात, तेव्हा. अटकेची कारणं मुलाला लेखी मिळाली का, हे तिथेच विचारायचं असतं. अंगझडती असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागण्याचा हक्क सांगितला होता का, हेही (कलम 50). नुसत्या सॅकच्या झडतीला हे कलम लागत नाही, त्यामुळे या मुद्द्यावर हमखास सुटका करतो म्हणणाऱ्या वकिलापासून जरा लांबच राहा. नमुने मॅजिस्ट्रेटसमोर काढले का, ज्याचं वजन केलं त्यात बिया-पानंही होती का, पंच कोण होते, यावर खरी लढाई होते. तपास अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा धरत नाहीत, हाही 2020 चाच निकाल. पंचनाम्याचं मोल वारणानगरकरांना वेगळं सांगायला नको. 2016 मध्ये इथल्या शिक्षक कॉलनीत सापडलेल्या रोकडीच्या प्रकरणात पुढे सांगलीच्या पोलिसांवरच रक्कम लाटल्याचा गुन्हा कोडोलीत दाखल झाला होता.

वकील कसा निवडायचा? जमीन-वाटणीचे दावे चालवणारा घरचा वकील भला माणूस असेल, पण ही केस त्याची नाही. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयात एनडीपीएसचे खटले शेवटपर्यंत चालवलेला हवा. किती केसेसमध्ये साक्षीदारांची उलटतपासणी स्वतः घेतली, हे बिनदिक्कत विचारा. फी टप्प्याटप्प्याने ठरवा, पावती घ्या. वकील ‘आपल्यातला’ असावा हा आग्रह आम्हाला कळतो, पण इथे तो कामाचा नाही.

पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन 15100. वरच्या कोर्टासाठी आता मुंबईची वारीही नाही. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे.

आणि मुलाला खरंच व्यसन असेल तर? अल्प मात्रेच्या किंवा सेवनाच्या केसमध्ये त्याने स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायची तयारी दाखवली, तर कलम 64 अ खाली खटल्यातून सूट मागता येते. हा मार्ग वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा. त्यासाठी अब्बा-अम्मींना ‘आमच्या मुलाला व्यसन आहे’ हे मोठ्याने बोलावं लागेल, कोर्टातही आणि मोहल्ल्यातही.