बिनतारी जाळ्याची राखण

शाळा, रुग्णालय, कारखाना अशा मोठ्या संस्थेंत वायफाय मंद चालूं लागलें, कीं बहुतेकांच्या मुखीं एकच उपाय येतो : आणखी ॲक्सेस पॉइंट बसवावे. देणगी देणाऱ्या पालकांसही तो पटतो. कारण नवें यंत्र डोळ्यांस दिसतें, त्याची राखण दिसत नाहीं. आमच्या मतें हा क्रम उलटा आहे. आधीं राखणदार व नोंदवही, मग यंत्रें.

याचें कारण रेडिओलहरींच्या स्वभावांत आहे. एका चॅनेलवर एक उपकरण बोलत असतां इतरांनीं सामान्यतः थांबावें लागतें. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत एकमेकांस न भिडणारीं म्हणून १, ६ व ११ हीं तीनच चॅनेलें बहुधा वापरतात. तेथें शेजारशेजारचे दहा ॲक्सेस पॉइंट पूर्ण शक्तीनें चालविले, तर एकाच दालनांत दहा शिक्षकांनीं एकदम मोठ्यानें शिकवावें तशी गत होते. जाणता व्यवस्थापक जवळच्या यंत्रांस निरनिराळीं चॅनेलें देतो, त्यांची शक्ति बेताची ठेवितो, आणि ज्या उपकरणांस ५ गिगाहर्ट्झचा प्रशस्त पट्टा चालतो त्यांस तिकडे वळवितो. एवढ्यानेंच पुष्कळदां काम भागतें.

दुसरी गोष्ट जोडलेल्या उपकरणांची. सर्वांस एकच पासवर्ड देणें म्हणजे एकाच किल्लीच्या शेंकडों नकला वाटणें होय. एक माणूस संस्था सोडून गेला, तरी किल्ली त्याजपाशीं राहते. ती रद्द करावयाची तर सर्वांचीच बदलावी लागते. याकरितां प्रत्येकास स्वतंत्र ओळख देण्याची ८०२.१एक्स ही पद्धति आहे. तींत एकाचेंच दार बंद करितां येतें. पाहुण्यांचें जाळें निराळें असावें, कॅमेरे व छपाईयंत्रें यांचा कप्पाही निराळा असावा.

हयगयीचें मोल किती, हें अमेरिकेंतील टीजेएक्स या दुकानदार कंपनीच्या उदाहरणावरून कळतें. डब्ल्यूईपी हें वायफायचें जुनें कुलूप कच्चें आहे, हें २००१ सालींच सिद्ध झालें होतें. तरी तिच्या दुकानांत तें चालू राहिलें. २००५ सालीं चोर त्याच वाटेनें आंत शिरले. २००७ सालीं प्रकरण उघडकीस आलें, तेव्हां ४ कोटी ५० लाखांहून अधिक कार्डांची माहिती गेल्याचें आढळलें. त्या कंपनीस यंत्रांची वाण नव्हती. उणीव होती ती वेळेवर कुलूप बदलण्याची.

लहान संस्थेस हा खर्च झेपेल काय, असें कोणी विचारील. उपकरणांची यादी करणें, सुटलेलीं नांवें खोडणें व यंत्रांतील सॉफ्टवेअर अद्ययावत् ठेवणें यांस द्रव्यापेक्षां नियमितपणाच अधिक लागतो.

मात्र राखणीसही मर्यादा हवी. कोणतें उपकरण केव्हां कोणत्या खोलीजवळ होतें, हें या नोंदींवरून कळूं शकतें. म्हणून कामापुरतेंच टिपावें, मुदतीनंतर पुसावें, आणि काय टिपलें जातें हें विद्यार्थ्यांस व पालकांस आधीं सांगावें.

विद्यार्थ्यांनीं आपला पासवर्ड मैत्रीखातरही दुसऱ्यास देऊं नये. आणि पालकांनीं नव्या यंत्राकरितां देणगी देतांना एक प्रश्न अवश्य विचारावा : याची राखण कोण करणार?