टेहळणीचा निषेध की टेहळणीची चैन?

युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २७ मे २०१४ रोजी बाजारात आणलेला ‘वॉच डॉग्ज’ हा व्हिडिओ गेम म्हणजे टेहळणीच्या राज्याचा निषेध होय, अशी भलामण आजही ऐकू येते. आणि ती करणाऱ्यांत स्वतःला पुरोगामी म्हणवणारे तरुणही असतात. एडवर्ड स्नोडेन यांनी जून २०१३ मध्ये अमेरिकी हेरखात्याची लक्तरे वेशीवर टांगली आणि वर्षभरात हा खेळ आला, म्हणून त्याला आयतेच तेज चढले. पहिल्या आठवड्यात ४० लाख प्रती खपल्या. निषेधाला इतकी गिऱ्हाइके मिळत असतील तर भांडवलदाराने तो का विकू नये? प्रश्न एवढाच की, विकला गेला तो निषेध होता काय?

खेळ घडतो शिकागोत. ‘ब्लूम’ नावाच्या खाजगी कंपनीची ‘सीटीओएस’ ही संगणकयंत्रणा शहराचे सिग्नल, पूल, वीज, कॅमेरे सारे चालवते. इथवर कल्पना नेमकी आहे. सार्वजनिक सेवा मक्तेदाराच्या हाती गेल्या की नागरिक हा त्याच्या खातेवहीतली एक नोंद होऊन बसतो, हे सत्य निर्मात्यांना दिसले होते, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु दिसलेल्या सत्याचे त्यांनी केले काय? यंत्रणेची किल्ली त्यांनी एडन पिअर्स या एकांड्या हॅकरच्या मोबाईलमध्ये ठेवली आणि त्याला ध्येय दिले ते भाचीच्या मृत्यूच्या सूडाचे. रस्त्यावरील कोणावरही मोबाईल रोखावा, की त्याचे नाव, वय, व्यवसाय, उत्पन्न आणि एखादी खाजगी गोष्ट पडद्यावर झळकते. काहींच्या बँकखात्यातली रक्कम तर एका बटणासरशी लांबवता येते. लुटला जातो तो रस्त्याने चाललेला पगारदार, आणि त्याच्या पैशातून नायक बंदुका विकत घेतो. खेळाडूला अपराधी वाटावे हाच हेतू, असे समर्थक म्हणतील. वाटेलही, पहिल्या दोन पादचाऱ्यांपुरते. पुढे मात्र माणूस दिसेनासा होतो आणि त्याच्या डोक्यावरचा आकडा तेवढा दिसतो. म्हणजे ब्लूम कंपनी नागरिकाकडे जसे पाहते तसेच खेळाडूही पाहू लागतो. (संगणकावर हा खेळ खेळण्यासाठी युबिसॉफ्टचे खाते उघडून आपली माहिती तिच्या स्वाधीन करावी लागे. त्याच कंपनीच्या ग्राहकखात्यांची माहिती जुलै २०१३ मध्ये चोरीस गेली होती, हे चाहत्यांच्या सहसा लक्षात नसते.)

याहून घातक आहे ती गुन्ह्याच्या भाकिताची गोष्ट. खेळात यंत्रणा गुन्हा घडण्यापूर्वीच इशारा देते, नायक तेथे पोहोचतो आणि इशारा खरा ठरतो. प्रत्यक्ष शिकागोच्या पोलिसांनीही २०१३ च्या सुमारास अशीच एक यादी वापरात आणली. गोळीबारात कोण सापडण्याचा संभव आहे हे संगणक सांगणार होता. रँड या संशोधनसंस्थेने २०१६ मध्ये त्या यादीचे मूल्यमापन केले. यादीमुळे हिंसा घटल्याचे आढळले नाही. यादीत नाव असलेल्यांच्या अटकेचा संभव मात्र वाढला होता. २०१९ अखेर ती गुंडाळावी लागली. खेळ ज्या यंत्राची अचूकता गृहीत धरतो, ते त्याच शहरात नापास झाले आहे. यंत्र बरोबर, मालक तेवढा चुकीचा, ही खेळाची शिकवण पोलिसखात्याला आणि यंत्रे विकणाऱ्यांना सोयीचीच आहे.

२०२० च्या ‘लीजन’ या तिसऱ्या भागात एकांडा नायक गेला आणि लंडनच्या कोणाही रहिवाशाला प्रतिकारात सामील करून घेता येऊ लागले. सुधारणा खरी, पण साथी जोडण्यासाठीही आधी त्याची फाईलच उघडून पाहायची! मोर्चा, सभा, संप यांतून माणसे एकत्र येतात, हे या निर्मात्यांना तिसऱ्या खेपेसही सुचले नाही.

आणि शहर तरी कोणते निवडले होते? १८८६ साली हेमार्केटमध्ये आठ तासांच्या दिवसासाठी ज्या शहरात रक्त सांडले, ज्याच्यामुळे १ मे हा जगाचा कामगार दिन झाला, ते शिकागो. तेथील पोलिसांच्या ‘रेड स्क्वाड’ने अनेक दशके कामगार संघटना, समाजवादी आणि नागरी हक्कांचे कार्यकर्ते यांच्यावर पाळत ठेवली, हजारो फायली रचल्या. २०११ मध्ये नागरी स्वातंत्र्यवाद्यांनी अहवाल काढला तेव्हा शहरात किमान १०,००० कॅमेरे जोडलेले होते. या पाळतीला कोणा हॅकरने आळा घातला नाही. १९७४ मध्ये नागरिकांच्या संघटना एकत्र येऊन न्यायालयात गेल्या. दाव्याची चाहूल लागताच पोलिसांनी फायलींचे गठ्ठे नष्ट केले. तरीही खटला चालला आणि १९८२ मध्ये राजकीय हेरगिरीवर न्यायालयाचे निर्बंध आले. २००१ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ते सैल केले, तेव्हा त्याविरुद्ध उभे राहिले तेही वकील आणि संघटनाच.