पदकांची फाइल आणि अर्जातल्या पाच ओळी



नवरात्र आटोपली की आमच्या स्टाफरूमच्या दाराशी एक ठरलेले दृश्य दिसू लागते. हातात प्लास्टिकच्या कप्प्यांची जाडजूड फाइल, मागे आई किंवा बाबा, आणि प्रश्न एकच : "बाई, ह्यातलं काय काय लिहायचं?" परदेशी विद्यापीठांचे अर्ज भरण्याचे हे दिवस. बारावीनंतर थेट बाहेर जाऊ पाहणारी आपली मुले आता दरवर्षी असतात. अकरावी-बारावीला मी इंग्रजी शिकवते, म्हणून अर्ज वाचून देण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले. त्या अनुभवावरून चार गोष्टी स्पष्टपणे लिहिते आहे. काही पालकांना टोचतील, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

आपल्या इथल्या प्रवेशाची रीत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. २०२४ पासून गुजरातच्या सरकारी विद्यापीठांचे प्रवेश एकाच सामायिक पोर्टलवरून होतात. बहुतेक अभ्यासक्रमांना बारावीचे गुण भरले की काम झाले. गाणे येते का, मल्लखांब करता का, हे कुणी विचारत नाही. त्यामुळे कधी विचारले गेलेच, तर आपण गोंधळतो आणि घरात असतील नसतील तेवढी प्रमाणपत्रे बाहेर काढतो.

अमेरिकेतील शेकडो महाविद्यालये 'कॉमन ॲप' नावाचा एकच अर्ज स्वीकारतात. त्यात सन्मान आणि बक्षिसांसाठी जागा आहे फक्त पाच. एकेका सन्मानाचे नाव शंभर अक्षरांत बसवायचे. वर्गाबाहेरच्या उपक्रमांना दहा जागा, आणि प्रत्येकाचे वर्णन दीडशे अक्षरांत. इंग्लंडच्या 'यूकॅस'ने तर २०२६ च्या प्रवेशांपासून जुने मोकळे निवेदन बंद करून तीन प्रश्न घातले आहेत : हाच विषय का, शाळेतल्या अभ्यासाने तुमची तयारी कशी झाली, आणि शाळेबाहेर तुम्ही त्यासाठी काय केले. तिन्ही मिळून चार हजार अक्षरे. तेव्हा ती फाइल किती जाड आहे ह्याला तिथे काही अर्थ उरत नाही. निवड करावीच लागते, आणि आपले घोडे नेमके तिथेच अडते.

आधी त्या खासगी 'ऑलिंपियाड'विषयी. मुले आपल्याच वर्गात बसून पन्नासेक प्रश्न सोडवतात, शाळेत पहिल्या येणाऱ्याला सुवर्णपदक मिळते आणि ते अर्जात 'आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड सुवर्णपदक' म्हणून अवतरते. खरे आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड वेगळे. त्यासाठी देशभरातून पायरीपायरीने निवड होते आणि गणिताच्या चमूत शेवटी सहाच मुले असतात. विज्ञान विषयांची निवड मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पाहते, तिथेही चमू चार-पाच जणांचाच. अर्ज वाचणाऱ्याला हा फरक चांगला ठाऊक असतो. त्याने ती एक ओळ वाचली की खालच्या खऱ्या ओळींवरचा त्याचा विश्वासही उडतो. त्या परीक्षा देऊ नका असे मी म्हणत नाही, सराव होतो. पण अर्जात 'शाळेत प्रथम' एवढेच लिहावे.

दुसरा घोळ पर्सेंटाइलचा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर टक्क्यांबरोबर पर्सेंटाइल रँकही छापलेली असते. ९३ पर्सेंटाइल म्हणजे परीक्षार्थींपैकी सुमारे ९३ टक्के मुले तुमच्या बरोबरीची किंवा मागे. ते ९३ टक्के गुण नव्हेत. दरवर्षी एकदोन मुले एका आकड्याच्या रकान्यात दुसरा भरतात. बहुतेकदा ते अजाणतेपणी होते, पण गुणपत्रिका शेजारी ठेवून वाचणाऱ्याला ती लबाडी वाटू शकते.

जे खरोखर मोलाचे, ते मात्र मुले गाळतात किंवा असे लिहितात की कुणाला कळू नये. एका मुलाने नुसते 'मध्यमा पूर्ण' असे रोमन लिपीत लिहून आणले होते. बोस्टनमधल्या बाईंना त्यातून काय समजणार? गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंतच्या सात परीक्षांमधली ही पाचवी. तिला लेखी असते आणि परीक्षकांपुढे बसून गावेही लागते. मग आम्ही लिहिले : हिंदुस्थानी गायनाच्या सात टप्प्यांच्या परीक्षेतील पाचवा टप्पा, लेखी व प्रत्यक्ष गायन. इंग्रजीत हे शंभर अक्षरांत बसले. मल्लखांबाचेही तेच. उभ्या लाकडी खांबावरची कसरत आहे, रोज पहाटे दीड तास सराव आहे, हे सांगितल्यावाचून तो नुसता एक अनोळखी शब्द. खेल महाकुंभात जिल्हा पातळीवर दुसरा आला असाल तर तालुक्यातून जिल्ह्यापर्यंत किती फेऱ्या झाल्या ते लिहा. आपल्या माणसांत ज्या गोष्टी न सांगता कळतात, त्या परक्याला सांगाव्या लागतात. ह्यात बढाई कसली?

गेल्या वर्षीची एक विद्यार्थिनी मला फार शिकवून गेली. अर्थशास्त्रासाठी अर्ज करत होती. यादीत चौदा नोंदी : निबंध, वक्तृत्व, रांगोळी, तीन 'ऑलिंपियाड', वृक्षारोपण शिबिर. सगळे ठीकठाक, आणि कुणाचेही असू शकेल असे. बोलता बोलता कळले की तिची आई विद्यापीठाच्या परिसरातील मुलांना डबे पुरवते, आणि डब्यांचा हिशेब नववीपासून ही मुलगी ठेवते. नुसता हिशेब नव्हे. परीक्षांच्या दिवसांत, सणांच्या आधी, पावसाने झोडपले त्या दिवशी किती डबे रद्द झाले ह्याची तिने दोन वर्षांची वही केली होती आणि त्यावरून आदल्या रात्री कणीक किती भिजवायची ते ती आईला सांगत असे. उरलेल्या पोळ्या जवळजवळ बंद झाल्या होत्या. अर्थशास्त्राला ह्याहून चांगला पुरावा कोणता हवा? 'कॉमन ॲप'मध्ये घरच्या जबाबदाऱ्या आणि पगारी काम ह्यांचे वेगळे प्रकारच दिलेले आहेत.

वडील तयार होईनात. "बाई, लोक काय म्हणतील? आम्ही डबे विकतो हे जगाला कशाला सांगायचं?" अर्धा तास समजूत घातली. शेवटी मुलगीच म्हणाली, "बाबा, वहीतलं सगळं माझं आहे. ते 'ऑलिंपियाड' माझं नाही, ते सगळ्यांचंच आहे." वही अर्जात गेली. तिला प्रवेश मिळाला, पण दोन ठिकाणांहून नकारही आला, तेव्हा वही लिहिली म्हणून प्रवेश मिळाला असा अर्थ कुणी काढू नये. मला समाधान एवढेच की अर्जातली मुलगी आणि वर्गात बसणारी मुलगी एकच होती.

आपल्याकडे ह्याचे एक जुने उदाहरण आहे. १८८३ च्या जूनमध्ये अमेरिकेत पोहोचलेल्या १८ वर्षांच्या आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिले. प्रवेशाच्या सगळ्याच अटी आपण पुऱ्या करत नाही, हे त्यांनी लपवले नाही. मित्रमंडळींचा आणि जातीचा विरोध पत्करून कशासाठी आलो, ते मात्र ठामपणे मांडले. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. आजच्या एखाद्या सल्लागाराने ते पत्र पाहिले असते तर पहिली कबुली आधी खोडायला लावली असती.

हे सल्लागार पैसे घेऊन तयार निवेदनेही देतात, त्यांच्या नादी लागू नका. 'यूकॅस' सगळी निवेदने एकमेकांशी ताडून पाहते. २००७ मध्ये अशा तपासणीत २३४ अर्जदारांनी एकच प्रसंग लिहिल्याचे आढळले : आठव्या वर्षी रसायनांच्या खेळण्याशी खेळताना पायजम्याला भोक पडले! एवढ्या मुलांचे पायजमे एकाच वेळी जळणे कठीणच.

आता आमच्या बाजूचे. शिफारसपत्रात खोटे पद लिहून देण्याची विनंती दरवर्षी होते. "बाई, 'हेड गर्ल' टाकून द्या, कोण तपासायला येतंय?" असे म्हणणाऱ्या एका पालकांना मी नाही म्हटले; ते अजून रागावलेले आहेत. पण शाळेचेही चुकतेच. माझेच सांगते. कितीतरी वर्षे मी सर्वांना एकच पत्र देत होते : कष्टाळू, प्रामाणिक, आज्ञाधारक. एकदा दोघांनी एकाच विद्यापीठाला अर्ज केला आणि माझी दोन पत्रे, नाव सोडून शब्दशः सारखी, एकाच टेबलावर गेली असणार. ते आठवले की आजही ओशाळायला होते. आता मुलांनी दोन महिने आधी सांगितले तरच मी पत्र देते, आणि त्यात मी स्वतः पाहिलेला एक तरी प्रसंग असतो.

विश्वस्त मंडळींपुढे एक मागणी ठेवते. अमेरिकेच्या अर्जाबरोबर शाळेचे एक परिचयपत्र जाते. शाळा कोणत्या माध्यमाची, बोर्ड कोणते, विषय किती निवडता येतात, वर्गात साधारण किती गुण पडतात, हे दोन पानांत. ते नसेल तर आपल्या मराठी माध्यमाच्या मुलाचे ८४ टक्के दूरच्या वाचकाला नुसते ८४ दिसतात. त्या वर्षी ते वर्गात दुसरे होते हे त्याला कळत नाही. आपल्याकडे असे परिचयपत्र आजवर नाही. मुले आपापल्या परीने काहीतरी जुळवून पाठवतात. मी आणि गणिताचे सर मिळून मसुदा लिहून देऊ. संस्थेने तो तपासून, सही-शिक्क्यानिशी दरवर्षी नवा करावा. खर्च कागदाचा. पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा ही विनंती.

अमेरिकेतल्या बऱ्याच महाविद्यालयांची मुदत १ जानेवारीच्या आसपास संपते आणि 'यूकॅस'ची जानेवारीच्या मध्यास. ज्यांना अर्ज दाखवायचा असेल त्यांनी दिवाळीची सुट्टी संपल्यावर शनिवारी शाळा सुटल्यानंतर यावे. येताना एक कोरी वही आणि गुणपत्रिकेची प्रत आणा. आई-बाबांनाही आणा. फाइल घरी ठेवलीत तरी चालेल.