सत्कारानंतर काय?

सैनिक सीमेवर असतो तोवर त्याची चिंता साऱ्या देशाला असते. गणवेश उतरवून तो गावी परतला की ती चिंता त्याच्या घरच्यांपुरती उरते. प्रजासत्ताकदिनी शाल आणि श्रीफळ दिले की समाजाला कृतज्ञतेचे समाधान लाभते. परंतु पस्तिशी-चाळिशीत सेवामुक्त होणाऱ्या जवानापुढे उमेदीची वीसेक वर्षे शिल्लक असतात. त्या वर्षांचे त्याने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर सत्कारात सापडत नाही.

ते कोठे सापडते, हे सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांच्या जीवनाने दाखवून दिले आहे. सैन्यात मुष्टियोद्धा म्हणून नाव मिळविलेला हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जबर जखमी झाला आणि कायमचा अपंग झाला. रुग्णालयात उपचार म्हणून त्याला पाण्यात उतरविण्यात आले. तेच पोहणे पुढे त्याचे सामर्थ्य ठरले. १९७२ साली जर्मनीतील हायडलबर्ग येथे भरलेल्या अपंगांच्या ऑलिंपिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत पेटकरांनी सुवर्णपदक जिंकले. पुण्याच्या टेल्को कारखान्यात त्यांना नोकरीही मिळाली. 'पद्मश्री' मात्र त्यांच्या वाट्याला आली ती २०१८ साली, म्हणजे पदकानंतर ४६ वर्षांनी.

या विलंबाची खंत वाटणे स्वाभाविक आहे. तथापि त्यातून निघणारा बोध निराळा आहे. सन्मान उशिरा आला तरी उपचार, सराव आणि रोजगार या तीन गोष्टी वेळेवर मिळाल्या, म्हणूनच हा माणूस सावरला. क्रम उलटा असता, सन्मान आधी आणि काम ४६ वर्षांनी मिळते, तर सन्मान स्वीकारावयास कोण उरले असते?

जखमी सैनिकाला पुन्हा कर्ता करण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. पहिल्या महायुद्धातील अपंग जवानांना हस्तोद्योग शिकविण्यासाठी १९१७ साली स्थापन झालेली क्वीन मेरीज तांत्रिक संस्था खडकी येथे आहे. कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये पुण्यात उभे राहिले आणि पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी १९७४ साली खडकीतच पुनर्वसन केंद्र निघाले. या साऱ्यांमागील तत्त्व एकच होते : सैनिकाला दया नको, काम हवे.

हेच तत्त्व धडधाकट माजी सैनिकाच्या बाबतीत मात्र पातळ होते. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत 'क' गटात १० टक्के आणि 'ड' गटात २० टक्के जागा माजी सैनिकांसाठी राखीव आहेत. त्या पुरत्या भरल्या जात नाहीत, ही तक्रार संसदेपर्यंत गेलेली आहे. योग्य उमेदवार मिळत नाहीत, असे खात्यांचे उत्तर असते. परंतु पंधरा वर्षे पुस्तकापासून दूर राहिलेल्या माणसाला नुकत्याच पदवीधर झालेल्या तरुणांच्या रांगेत परीक्षेस बसविले, तर तो मागे पडणार हे उघड आहे. रणगाड्याचे इंजिन दुरुस्त करणारा, बिनतारी यंत्रणा सांभाळणारा, पन्नास माणसांच्या शिधासामग्रीचा चोख हिशेब ठेवणारा जवान अखेर एखाद्या बँकेच्या दारावर पहारा करताना दिसतो. पहाऱ्याचे काम हलके नव्हे. पण ज्याच्या हाती कसब आहे त्याला केवळ दंडुका देणे, ही राष्ट्राने स्वतःच्याच भांडवलाची केलेली उधळपट्टी होय.

हा प्रश्न यापुढे अधिक तीव्र होणार आहे. २०२२ साली जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार चार वर्षांच्या सेवेनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर कायम होतात. उरलेले सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी घेऊन घरी परततात. त्यांना निवृत्तिवेतन नाही. पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस पुरी होतात. जुन्या जवानाला निवृत्तिवेतनाचा आधार तरी असे. हा तरुण पंचविशीच्या आतबाहेर पुन्हा रोजगाराच्या बाजारात उभा राहणार. योजनेच्या गुणदोषांविषयी मतभेद असू शकतील. या तरुणांच्या पुढील आयुष्याची जबाबदारी कोणाची, याविषयी मतभेद असता कामा नये.

त्यासाठी सेवेतील अखेरचे वर्ष हे शिक्षणाचे वर्ष मानले पाहिजे. सैन्यात मिळविलेल्या कसबाला औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या प्रमाणपत्राचे मोल लाभले पाहिजे, आणि राखीव जागा रिकामी राहिली तर त्याचा जाब खात्याला विचारला गेला पाहिजे. शाळा-महाविद्यालयांनीही प्रौढ वयात परतणाऱ्या या विद्यार्थ्याला वयाचा संकोच वाटू न देता सामावून घ्यावे. आणि कचेरीच्या खिडकीशी कागदपत्रे घेऊन आलेल्या माजी सैनिकाला 'उद्या या' असे सांगताना लेखनिकाने क्षणभर थांबावे. सैनिकाने देशाला दिलेला काळ परत करता येत नाही. त्याच्या उरलेल्या काळाला काम देणे मात्र समाजाच्या हाती आहे.