ओल भिंतीची नव्हे, धोरणाची

पाऊस ओसरला की उपदेश सुरू होतो : खिडक्या उघडा, बुरशी पुसा, भिंतीला रंग द्या. सल्ला खोटा नाही. पण खिडकी उघडताच समोरच्या इमारतीची भिंत आड येत असेल, तर त्याचा उपयोग काय? मानखुर्दच्या लल्लूभाई व गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत दोन इमारतींमधील अंतर सुमारे ३ मीटर आहे. खालच्या मजल्यांना ना ऊन, ना वारा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने या कोंदट रचनेचा क्षयरोगाशी असलेला संबंध दाखवून दिला.

हे निसर्गाने केले नाही. गरिबांच्या पुनर्वसनासाठी मोकळ्या जागेचे नियम शिथिल केले गेले, आणि वाचलेल्या भूखंडावर नफ्याचे मजले चढले. गळके छत आणि फुटका नळ तसाच ठेवून वरून रंग फासला, तर पुढच्या श्रावणात पोपडे पुन्हा सुटणारच. तरीही दोष गृहिणीच्या स्वच्छतेला!

कार्यकर्त्यांनी आता खोलीनिहाय ओलीची नोंद करावी आणि सामुदायिक अर्ज करावेत. मृगापूर्वी सरकारी खर्चाने गळती बंद झालीच पाहिजे. ऊन-वारा नाकारणाऱ्या नव्या आराखड्यांना विरोध झालाच पाहिजे. कोरडी भिंत ही भीक नव्हे, हक्क आहे.